ठाऊक असलेला धोका

बंगळूरच्या शिवाजीनगर भागात, रसेल मार्केटच्या आसपासच्या गल्ल्यांमध्ये, जुन्या मोटारींच्या सुट्या भागांचा बाजार आहे. स्थानिक लोक त्याला 'गुजरी' म्हणतात. गुजरी म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे कोल्हापुरातील सराफांची पेठ उभी राहील. शिवाजीनगरच्या गुजरीत मात्र सोन्याचांदीऐवजी गंजलेली इंजिने, दरवाजे, धुराडी आणि चाके यांचे ढीग दिसतात. जुन्या गाड्या येथे मोडल्या जातात. त्यांतील चांगले भाग घासूनपुसून पुन्हा विकले जातात. काम गॅसच्या ज्योतीचे, घणाचे आणि ग्राइंडरचे. त्यातील धोका कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. ठिणग्या रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसतात.

अशाच एखाद्या गाळ्यात घडू शकेल अशा एका प्रसंगाची कल्पना करावी. तीस वर्षांचा एक कामगार दरमहा १५,००० रुपये वेतनावर तेथे काम करतो. नेहमीपेक्षा मोठी चकती बसावी म्हणून मालकाने ग्राइंडरचे गार्ड काढून ठेवले आहे. एके दिवशी चकती फुटते आणि कामगाराच्या उजव्या हाताचा अंगठा जातो. मालक त्याला रुग्णालयात नेतो, औषधपाण्याचा खर्च करतो, हातावर थोडे पैसेही ठेवतो. मालक दुष्ट नाही. परंतु नुकसानभरपाईची गोष्ट निघताच तो म्हणतो : "यंत्राला गार्ड नाही हे त्याला दिसत नव्हते का? दोन वर्षे तो त्याच यंत्रावर काम करीत होता. सगळे ठाऊक असूनच तो कामाला आला होता."

कन्नड, तमिळ, दखनी, मराठी अशा कोणत्याही भाषेत हे उत्तर सहज सुचते आणि ऐकणाऱ्याला ते पटतेही. कित्येकदा खुद्द जखमी कामगारालाही ते पटते आणि तो गप्प बसतो. कायद्यानेही एके काळी हेच उत्तर मान्य केले होते. ते नाकारावयास त्याला फार वर्षे लागली.

खाटकाच्या गाडीचा खटला

१८३७ साली इंग्लंडमधील एका न्यायालयापुढे एक लहानसा खटला आला. एका खाटकाचा नोकर मालाच्या गाडीवरून जात असताना गाडी मोडली आणि त्याच्या मांडीचे हाड मोडले. गाडीत वाजवीपेक्षा अधिक माल भरला होता, अशी त्याची तक्रार होती. न्यायाधीश लॉर्ड अॅबिंजर यांनी निकाल नोकराच्या विरुद्ध दिला. नोकराने मालकासाठी आपला जीव धोक्यात घातलाच पाहिजे असे नाही; धोका वाटल्यास त्याने काम नाकारावे; शिवाय गाडी किती भरली आहे हे मालकाइतकेच, किंबहुना मालकाहून अधिक, त्यालाच ठाऊक असणार, असा या निकालाचा आशय होता.

पुढे मालकांच्या हाती बचावाची तीन साधने राहिली. अपघात सहकाऱ्याच्या चुकीने झाला असेल तर मालक जबाबदार नाही, हे पहिले. जखमी कामगाराची स्वतःची थोडीशी जरी चूक असेल तरी त्याला काही मिळणार नाही, हे दुसरे. आणि ज्याने धोका जाणूनबुजून पत्करला त्याला त्याबद्दल तक्रार करता येत नाही, हे तिसरे. कारखान्यांत यंत्रे वाढली तसतशी अपघातांची संख्या वाढत गेली. परंतु या तीन बचावांपैकी एखादा तरी बहुतेक प्रत्येक अपघाताला लागू पडे. काम जितके अधिक धोक्याचे, तितका तो धोका अधिक उघड. आणि धोका जितका उघड, तितका मालक अधिक सुरक्षित, असा विचित्र हिशेब त्यातून निर्माण झाला.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. 'काम नाकारावे' हा सल्ला दोन समान माणसांमधील कराराचे चित्र डोळ्यांपुढे ठेवून दिलेला आहे. ज्याच्या घरी संध्याकाळची चूल त्या दिवसाच्या मजुरीवर पेटते, त्याच्या दृष्टीने काम नाकारणे म्हणजे उपवास पत्करणे होय. त्याला धोका दिसतो हे खरे. पण धोका दिसणे आणि त्याला संमती देणे या दोन गोष्टी एक नव्हेत.

जाणणे आणि मान्य करणे

हा भेद इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्सने, १८९१ साली स्पष्ट केला. रेल्वेमार्गासाठी खडक फोडण्याच्या कामावर एक मजूर खडकात भोके पाडीत असे. त्याच्या डोक्यावरून यारीने दगड वाहून नेले जात; दगड येत असल्याची सूचना कोणी देत नसे. हा धोका त्याला ठाऊक होता. एके दिवशी दगड निसटला आणि तो जबर जखमी झाला. मालकाचा बचाव अपेक्षित असाच होता : धोका ठाऊक असूनही तो काम करीत राहिला. परंतु बहुमताने निर्णय मजुराच्या बाजूने लागला. धोक्याचे ज्ञान असूनही कामावर राहणे एवढ्यावरून, मालकाच्या हलगर्जीपणाचे परिणाम सोसण्यास कामगाराने संमती दिली असे मानता येणार नाही, हे तत्त्व तेथे प्रस्थापित झाले.

आपल्या कल्पित प्रसंगाशी अधिक जवळचा खटला १९५५ सालचा आहे. त्यातही घासण्याचे यंत्र होते आणि कामगाराचा अंगठाच दुखावला होता. घासावयाच्या दगडाचा थोडासा भाग उघडा ठेवल्यावाचून यंत्र वापरताच येणार नाही, असे मालकांचे म्हणणे होते. न्यायालयाने सांगितले की, धोकादायक भाग सुरक्षितपणे झाकलाच पाहिजे अशी कायद्याची आज्ञा असेल, तर झाकल्याने यंत्र निरुपयोगी होते ही सबब चालणार नाही. भारताच्या १९४८ च्या कारखाने अधिनियमातही यंत्राचे धोकादायक भाग झाकण्याचे असेच बंधन मालकावर घातलेले होते.

मुंबईच्या गिरण्यांतील मागणी

हा विचार भारतात केवळ इंग्रजी निकालांच्या मार्गाने आला असे समजणे चूक ठरेल. १८८१ साली कारखान्यांविषयीचा पहिला कायदा झाला. यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूद त्यात होती, पण जखमी कामगाराच्या पोटापाण्याविषयी काही नव्हते. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा झाल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. आठवड्याची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार या मागण्यांबरोबर त्यात आणखी एक मागणी होती : गिरणीत काम करताना दुखापत झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि तो जन्माचा अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी.

या मागणीत चूक कोणाची हा प्रश्नच विचारलेला नाही. कामगार काम करीत होता, काम गिरणीचे होते, आणि त्या कामात त्याचा हात गेला, एवढेच पुरेसे मानले आहे. त्याच वर्षी जर्मनीत अपघात विम्याचा कायदा होत होता. ब्रिटनमध्ये तसा कायदा होण्यास १८९७ साल उजाडले, आणि भारतात १९२३. कामगार नुकसानभरपाई अधिनियम १ जुलै १९२४ पासून अमलात आला, तेव्हा मुंबईतील त्या सभांना चाळीस वर्षे होत आली होती.

दोषाऐवजी संबंध

१९२३ च्या कायद्याने प्रश्न विचारण्याची पद्धतच बदलली. मालकाने चूक केली काय, हा प्रश्न मागे पडला. त्याऐवजी अपघात कामामुळे आणि काम चालू असताना झाला काय, एवढेच पाहावयाचे. उत्तर होकारार्थी असेल तर मालक भरपाई देण्यास बांधलेला. ज्याला कामाचा नफा मिळतो त्यानेच त्या कामातील हानीचा भार उचलावा, हा त्यामागील विचार होय. १९३८ च्या मालक उत्तरदायित्व अधिनियमाने दिवाणी दाव्यांतील जुना बचावही पुष्कळसा निकामी केला. धोका कामगाराला पूर्णपणे समजावून सांगितला होता, त्याला तो समजला होता आणि त्याने तो स्वेच्छेने पत्करला होता, या तिन्ही गोष्टी मालकानेच सिद्ध केल्या पाहिजेत, असे त्यात म्हटले होते.

२००९ साली १९२३ च्या कायद्याच्या नावातील 'कामगार' या शब्दाच्या जागी 'कर्मचारी' हा शब्द आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही अमलात येऊन तिने त्या कायद्याची जागा घेतली. परंतु भरपाईचा पाया तोच राहिला आहे. ज्यांना कर्मचारी राज्य विमा योजना लागू आहे, त्यांना भरपाई मालकाकडून न मिळता त्या योजनेतून मिळते.

हलगर्जीपणा आणि अवज्ञा

मग कामगाराच्या वागणुकीला काहीच महत्त्व नाही काय? आहे, पण ते मर्यादित आहे. कामगार दारूच्या किंवा मादक द्रव्याच्या अमलाखाली असल्यामुळे अपघात झाला, सुरक्षिततेसाठी स्पष्टपणे दिलेला हुकूम किंवा केलेला नियम त्याने बुद्धिपुरस्सर मोडला, अथवा सुरक्षिततेचे साधन त्याने जाणूनबुजून काढून टाकले, तर भरपाई नाकारता येते. मात्र कामगार मृत्यू पावला किंवा कायमचा पूर्णपणे अपंग झाला, तर या सबबीही मालकाच्या उपयोगी पडत नाहीत.

या यादीत हलगर्जीपणा नाही, आणि 'धोका ठाऊक होता' हेही नाही. थकलेल्या माणसाचे लक्ष क्षणभर चुकते, तोच तोच धोका रोज पाहून त्याची भीती मोडते, काम लवकर संपविण्यासाठी तो आखूड वाट धरतो. हे सारे मानवी स्वभावाचे भाग आहेत आणि कामाबरोबरच ते येतात. आपले काम वाईट रीतीने करणे वेगळे आणि आपले नसलेलेच काम करावयास जाणे वेगळे. ज्याचा यंत्राशी काही संबंध नाही असा कामगार केवळ गंमत म्हणून ते सुरू करील, तर तो आपल्या कामाच्या कक्षेबाहेर गेला असे म्हणता येईल. गुजरीतील आपला कामगार मात्र त्याला नेमून दिलेल्या यंत्रावर, नेमून दिलेलेच काम करीत होता; आणि गार्ड त्याने नव्हे, मालकाने काढले होते. मालकाचे उत्तर व्यवहारात कितीही वजनदार वाटले तरी या कायद्यापुढे ते टिकत नाही.

पुष्कळ ठिकाणी कामावर ठेवतानाच 'माझ्या जिवाला मी जबाबदार' अशा अर्थाचा कागद कामगाराकडून लिहून घेतात. भरपाईचा हक्क सोडून देणारा असा करार कायद्याच्या दृष्टीने निरर्थक आहे. त्यावर सही असो वा अंगठा.

काम कोठे सुरू होते?

'काम चालू असताना' या शब्दांचा अर्थ न्यायालयांनी हळूहळू विस्तृत केला आहे, आणि त्यात मराठी मुलखातील प्रकरणांचा वाटा मोठा आहे. १९५७ साली मुंबईत बेस्टचा एक बसचालक जोगेश्वरीच्या आगारात काम संपवून दुसऱ्या बसने घरी जात असताना अपघातात मरण पावला. मुंबईसारख्या अफाट शहरात चालकाने वेळेवर यावेजावे हे बेस्टच्याच सेवेसाठी आवश्यक होते आणि त्यासाठी त्याला बसने प्रवास करण्याची मुभा होती, हे ध्यानात घेऊन सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली बहुमताने त्याच्या पत्नीच्या बाजूने निकाल दिला.

धाराशिव जिल्ह्यातील प्रकरण अगदी अलीकडचे आहे. २००३ च्या एप्रिलमध्ये एका साखर कारखान्याचा रखवालदार पहाटे तीनच्या पाळीसाठी निघाला असता, कारखाना सुमारे पाच किलोमीटरवर राहिला असताना अपघातात दगावला. तो रस्ता काही कारखान्याचा नव्हता. तरीही, अपघाताची परिस्थिती, वेळ आणि स्थळ यांचा नोकरीशी संबंध सिद्ध झाला तर असा प्रवासही नोकरीचाच भाग मानावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये ठरविले. कुटुंबाला न्याय मिळाला. पण त्यासाठी बावीस वर्षे लागली, हेही नोंदविले पाहिजे.

अंगठ्याचे मोल

भरपाईचा हिशेब वेतन, वय आणि कमावण्याची शक्ती किती गेली या तीन गोष्टींवर अवलंबून असतो. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला, आणि कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास वेतनाच्या ६० टक्के रकमेला, वयानुसार ठरविलेल्या गुणकाने गुणतात. तीस वर्षांच्या माणसासाठी १९२३ च्या कायद्यातील गुणक २०७.९८ होता. म्हणजे १५,००० रुपये वेतन असल्यास ९,००० गुणिले २०७.९८, असे १८,७१,८२० रुपये पूर्ण अपंगत्वासाठी होतात. अंगठा गेल्यास कमाईची शक्ती ३० टक्के गेली असे त्या कायद्याच्या परिशिष्टात धरले होते. त्या हिशेबाने आपल्या कामगाराची भरपाई ५,६१,५४६ रुपये होते. मालकाने हातावर ठेवलेल्या चार पैशांशी या आकड्याची तुलना करून पाहावी.

परिशिष्टातील टक्केवारी हा शेवटचा शब्द मात्र नव्हे. ओडिशातील एक सुतार १९६८ साली चित्रपटगृहात काम करताना पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. एका हाताने सुतारकाम करता येत नाही. म्हणून त्याचे अपंगत्व शंभर टक्के मानणे योग्यच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, हेही त्याच निकालात स्पष्ट झाले. महिन्याभरात ती न दिल्यास १२ टक्के व्याज, आणि समर्थनीय कारण नसल्यास मूळ रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड, अशी तरतूद १९२३ च्या कायद्यात करण्यात आली होती.

लहान गाळा, मोठा ठेकेदार

शिवाजीनगरसारख्या भागात अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी. कारखाना कशाला म्हणावयाचे याची संख्या नव्या संहितेने वाढविली आहे : पूर्वी वीज वापरणाऱ्या ठिकाणी दहा कामगार पुरे होत, आता वीस लागतात. कामाच्या ठिकाणची सुरक्षितता पाहणारी संहिताही सामान्यतः दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होते. चारपाच माणसांच्या गाळ्यात निरीक्षक येत नाही. म्हणून पुष्कळांची अशी समजूत होते की तेथे कायदाच नाही. ती खरी नाही. गाड्या दुरुस्त करणे किंवा मोडणे यासारख्या कामात माणसे थोडी आहेत एवढ्यावरून भरपाईची जबाबदारी सुटत नाही. फरक एवढाच की, मोठ्या कारखान्यात हजेरीपट असतो, वेतनाची चिठ्ठी असते. गाळ्यात 'हा माझा माणूसच नव्हे' असे म्हणणे सोपे जाते. म्हणून अपघाताची खबर लगेच लेखी देणे, रुग्णालयाच्या कागदावर अपघात कोठे व कसा झाला ते नीट लिहून घेणे, वेतन दिल्याचा काही पुरावा जपणे आणि बरोबरीच्या कामगारांनी खरे सांगावयास पुढे येणे, यांवरच पुष्कळदा दाव्याचे भवितव्य ठरते.

दुसरे टोक मोठ्या कामांचे. याच शिवाजीनगरच्या जमिनीखालून मेट्रोचा बोगदा गेला आहे. 'ऊर्जा' नावाचे खोदयंत्र सप्टेंबर २०२१ मध्ये येथील भूमिगत स्थानकात बाहेर पडले. अशा कामांत ठेकेदार, पोटठेकेदार आणि मुकादम यांची साखळी असते, आणि मजूर दूरच्या प्रांतातून आलेला असतो. त्याचा मालक कोण या वादात त्याने अडकू नये म्हणून कायद्याने मुख्य नियोक्त्याकडूनच भरपाई मागण्याची मुभा दिली आहे. ती रक्कम ठेकेदाराकडून वसूल करणे हे मुख्य नियोक्त्याचे काम.

ज्या धोक्याला संमतीच नाही

काही धोके इतके उघड असतात की त्यांना संमती देण्याचा प्रश्नच उद्भवू नये, असे कायदा म्हणतो. तुंबलेल्या गटारात माणूस उतरविणे हे त्याचे ठळक उदाहरण. आत विषारी वायू असतो हे उतरविणाऱ्याला ठाऊक असते आणि उतरणाऱ्यालाही. संरक्षक साधनांवाचून गटारे व मैलाटाक्या अशा धोकादायक रीतीने माणसाकडून साफ करून घेण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई केली. गटारात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांना सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दहा लाख रुपयांची आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाख रुपयांची भरपाई ठरवून दिली. तो स्वतःहून उतरला, हा बचाव येथे ऐकूनच घेतला जात नाही. कारण माणूस अशा ठिकाणी आपखुशीने उतरत नाही.

१८३७ सालच्या खाटकाच्या गाडीपासून आजच्या गटारापर्यंतचा हा प्रवास एका वाक्यात सांगता येईल. धोका ठाऊक असणे हा पूर्वी कामगाराचा अपराध मानला जाई. आता ती मालकाची जबाबदारी वाढविणारी गोष्ट मानली पाहिजे. ज्या धोक्याकडे कामगार दोन वर्षे पाहत होता, त्याकडे मालकही तेवढीच वर्षे पाहत होता. त्या दोघांपैकी ग्राइंडरचे गार्ड परत बसविण्याचा अधिकार एकालाच होता.